शिरवण्याचं स्थळ

आमच्या ऑफिसात वैशालीच्या नावावर एक विनोद चालतो. बाई जन्मभर स्थळं बघतेय, पण ठरत एकही नाही. विनोद केव्हाच शिळा झालाय, तरी ऑफिसात आलेला प्रत्येक नवा माणूस तो पहिल्याच आठवड्यात शिकतो आणि आपणच शोधून काढल्यासारखा सांगत फिरतो. वैशाली चाळिशी ओलांडलेली, बिनलग्नाची, आणि तिचं कामच मुळी स्थळं निवडण्याचं. ऐरोलीतली आमची संस्था लहान आहे, लोकांच्या आरोग्याचा अभ्यास करते. अभ्यास कुठे करायचा ते आधी ठरवावं लागतं. त्यासाठी वैशाली तिथे जाते, गल्लीबोळ फिरते, बायकांच्या ओट्यावर बसते आणि परत येऊन त्या जागेचं वर्णन लिहिते. मी फक्त आकडे बघते, त्यामुळे मला पंख्याखाली बसून तिच्यावर टीका करायला भरपूर वेळ मिळतो.

खरं तर सगळे 'साइट' म्हणतात. वैशाली म्हणत नाही, आणि त्याला कारण आहे. नवी मुंबईच्या जुन्या गावांत जाऊन 'साइट बघायला आलोय' म्हणा, पुढच्या मिनिटाला दारं बंद होतात. साइट म्हणजे बिल्डर, नाहीतर घर पाडायला आलेली गाडी. एकदा रबाळ्याजवळ तिला ह्या एका शब्दापायी दीड तास भर उन्हात उभं केलं होतं. तेव्हापासून तिने 'स्थळ' धरलं ते धरलंच. मी तिला म्हटलंही होतं, बाई गं, हा शब्द तुला एक दिवस गोत्यात आणणार. ती हसली. माझं ऐकायची पद्धत आमच्याकडे कुणालाच नाही.

गेल्या वर्षी पन्नाशीपुढच्या बायकांच्या श्वासाचा अभ्यास आला. कारखान्यांपासून लांबची एक जागा हवी होती, ती ऐरोलीच्या खाडीकडच्या फ्लॅटांतच मिळाली. दुसरी जागा कारखान्यांना लागून हवी होती, आणि तिथल्या बायका वर्षानुवर्षं तिथेच राहिलेल्या हव्या होत्या. भाडेकरू आज इथे तर उद्या तिथे, म्हणून बऱ्याच वस्त्या बाद झाल्या. शेवटी शिरवणे गाव उरलं. तिथल्या महिला मंडळाच्या बायजाबाई 'हो' म्हणाल्या की गाव 'हो' म्हणतं, असं गावातल्या दत्तूने सांगितलं आणि त्यांचा नंबर दिला.

वैशालीने फोन माझ्यासमोरच केला. दत्तूकडून नंबर मिळाला, उद्या सकाळी आम्ही स्थळ बघायला येतोय, आधी तुमच्याकडेच येऊ, असं ती म्हणाली. कोण कोण येणार, असं पलीकडून विचारलं गेलं. ती म्हणाली, आम्ही दोघी बायका आणि एक डॉक्टर. मुलगा तरुण आहे, हुशार आहे, नेरुळलाच राहतो. फोन ठेवल्यावर ती खूश होती. इतक्या अगत्याने कुणी बोललं नव्हतं म्हणे, जेवूनच जा म्हणाल्या.

तो डॉक्टर म्हणजे आमचा सुयश. फुंकर मारून श्वास मोजायचं यंत्र त्याच्याकडे असतं. त्या दिवशी तो नेमका इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

बायजाबाईंच्या ओट्यावर शेजारच्या पाच-सहा बायका बसल्या होत्या. आम्ही दिसताच त्यांनी पदर सारखे केले आणि सुयशकडे डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं. मला वाटलं, डॉक्टरचा मान. आत नवी चादर, उदबत्तीचा वास, टीपॉयवर काजू. बायजाबाई सत्तरीच्या, ठसठशीत, पण एका वाक्याला दोनदा खोकणाऱ्या. त्यांनी सुयशला पंख्याखालची खुर्ची दिली आणि आई-वडील काय करतात, घर स्वतःचं आहे ना, असं विचारलं. तो साधा पोरगा, सगळ्याची उत्तरं देत बसला. मग नात पायल पोह्यांचा ट्रे घेऊन आली. जरीची साडी, गजरा, खाली मान. बायजाबाईंनी सांगितलं, आई-बाप लहानपणीच गेले, मीच वाढवली. ऐरोलीला कंपनीत हाय, आज मुद्दाम सुट्टी घेतलीय.

माझ्या टाळक्यात अजूनही काही शिरलं नव्हतं. पोहे छान होते, मी खात होते. शेजारी वैशालीने मात्र बशी खाली ठेवली. तिच्याकडे बघितलं, पायलच्या गजऱ्याकडे बघितलं, आणि मीही बशी खाली ठेवली.

तिने पायलला आणि आजीला आत स्वयंपाकघरात नेलं. मीही मागोमाग गेले. तिथे तिने एका दमात सगळं सांगितलं. कुठलं स्थळ, कसला अभ्यास, चूक कुणाची. मग आजीकडून कळलं, दत्तूच्या बायकोने पायलसाठी एक मुलगा पाठवते म्हणून सांगितलं होतं, त्यात दत्तूचं नाव आणि नेरुळचा डॉक्टर, म्हणजे म्हातारीचं काय चुकलं? बायजाबाई स्वयंपाकाच्या ओट्याला टेकल्या. आधी खोकला आला, मग आवाज.

"भायर बसलीत त्यांना काय सांगू मी? स्थळ आलं नि पोहे खाऊन गेलं? याच्या आदी दोन गेलीत तशीच. गाव बोलतोय, पोरीतच कायतरी हाय."

 पायलने गजरा काढून ओट्यावर ठेवला. सत्तावीस वर्षांची, स्वतःच्या पगारावर घर चालवणारी मुलगी, आणि दाराबाहेरच्या सहा बायका तिची किंमत ठरवायला बसल्या होत्या. मला त्या बायकांचा राग आला, वैशालीचा आला आणि मघाच्या पोह्यांची लाज वाटली.

मी व्यवहारी माणूस. मी सुचवलं, पत्रिका जमत नाही म्हणून सांगू. नाहीतर सुयशचं बाहेर कुठे जमलंय म्हणू. असंच करतात सगळे, कुणाचं नाक कापलं जात नाही.

वैशाली माझ्यावर उखडली. इतक्या वर्षांत तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "म्हणजे नकार पुन्हा हिच्याच पदरात. नाही. नकार आमच्याकडून जाणार नाही. द्यायचा तर हिने द्यायचा." मग ती पायलकडे वळली. "बघायला तुम्हीही बसला होतात ना? मग तुम्ही सांगा. पसंत आहे का?"

 आपल्याला हे कुणी विचारेल असं पायलच्या गावीही नव्हतं. मी वैशालीच्या कानात म्हटलं, अगं, उद्या पुन्हा ह्याच गावात श्वास मोजायला यायचंय आपल्याला, नाकारलेला नवरा घेऊन कशी येणार? गाव गेलं तर अभ्यास कुठे करायचा? ती म्हणाली, गेलं तर गेलं.

सुयशला बाजूला घेऊन मी झालेल्या घोळाची आणि होणाऱ्या नकाराची कल्पना दिली. त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, मॅडम, माझी काही हरकत नाही, फक्त आईला कळू देऊ नका.

मी त्याला बाहेरच्या ओट्यावर नेलं, मागोमाग पायल पदर खोचून आली. बायका सावरून बसल्या. ती सुयशला म्हणाली, आणि आवाज शेवटच्या घरापर्यंत जाईल असा काढला, "डॉक्टर, तुम्ही माणूस चांगले दिसता. पण मला पसंत नाही. टेन्शन घेऊ नका, मिळेल तुम्हाला कुणीतरी."

सुयशने हात जोडले. आयुष्यातलं एवढं चांगलं काम त्याने यंत्राशिवाय पहिल्यांदाच केलं असावं.  ओट्यावरच्या एका म्हातारीने तोंडाला पदर लावला आणि ती हसायला लागली. तिच्या पाठोपाठ दुसरी. ते हसणं पायलवर नव्हतं. बायजाबाई दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही. जेवायचा आग्रह कुणी केला नाही.

गाव हातचं गेलं हे धरूनच आम्ही रिक्षात बसलो. सुयश घरी चालत गेला. नेरुळ स्टेशनच्या वाटेवर मी वैशालीला बोलत होते. शब्दाचा हट्ट, अतिशहाणपणा, चार महिन्यांची शोधाशोध पाण्यात. ती ऐकत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. बायजाबाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता. त्या म्हणाल्या, मंगळवारी या. मंडळाच्या बायका यंत्रात फुंकायला तयार हायेत. सगळ्यांना पायलनं नापसंत केलेला डॉक्टर जवळून बघायचाय.

मी मोठ्याने हसले. वैशाली हसली नाही. तिने फोन मांडीवर ठेवला आणि बाहेर बघत म्हणाली, "मीही अशीच ट्रे घेऊन जायचे गं. कितीदा, ते मोजायचं सोडलं. सगळे 'कळवतो' म्हणून गेले. त्यातले निम्मे तर मलाच आवडले नव्हते."

रिक्षा सिग्नलला थांबली होती. मी विचारलं, मग तेव्हा बोलली का नाहीस?

"मला कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली.