दाजी आणि दरडीखालचा कातळवीर

आमच्या दाजींएवढं वाचलेला माणूस मळवलीपासून लोणावळ्यापर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि एवढं वाचून निम्म्या गोष्टींचा शेवट माहीत नसलेला माणूस तर साऱ्या मावळात सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. रेल्वेच्या गँगमध्ये रूळ सांभाळण्यात त्यांची उमर गेली. आता ते मळवलीला एका बंगल्याची राखण करतात, आणि पाहुणे उतरले की मी तिथे स्वयंपाकाला जाते. बंगल्यामागच्या त्यांच्या खोलीत एक पत्र्याची पेटी आहे. तिला कुलूप आहे, कुलपाची किल्ली दाजींच्या करगोट्याला आहे, आणि पेटीत नुसता कातळवीर आहे.

कातळवीर हा एका चित्रांच्या मासिकातला वीर. राग आला की त्याचं अंग दगडाचं व्हायचं, राग उतरला की पुन्हा माणसाचं. ते मासिक पुष्कळ वर्षं निघत होतं आणि त्यातली एकेक गोष्ट पाच-सहा अंक चालायची. पण दाजींनी त्यातला एकही अंक विकत घेतलेला नाही. गाडीतले लोक वाचून झालेलं मासिक खिडकीतून भिरकावायचे, आणि खाली हातोडा घेऊन चालणारे दाजी ते उचलायचे. लोकांनी टाकलेलं का वाचता, असं बहिणीने विचारलं की म्हणायचे, "मानूस वाईट पुस्तक घरी नेतो, पैसं वसूल कराय. चांगलं वाचून पोट भरलं की मगच फेकतो." ह्या हिशोबाने त्यांच्या पेटीत फक्त उत्तम तेवढंच होतं. मात्र कुठल्या गोष्टीचा पहिला अंक नाही, कुठल्या गोष्टीचा मधला नाही, आणि शेवटचा तर बहुतेक कुठल्याच गोष्टीचा नाही.

गोष्टींना त्यांनी आपलीच नावं ठेवली होती. जी जिथे सापडली तिथली ती. घोरावाडीला सापडली ती घोरावाडीची, कामशेतला सापडली ती कामशेतची. एकदा चहाच्या टपरीवर ते कुणाला तरी मन लावून सांगत होते, "मळवलीची माझ्या जिवात हाय, पन घोरावाडीचीबी सोडवत न्हाई." शेजारी बसलेल्या एका नव्या माणसाने ते ऐकलं आणि जड मनाने येऊन बहिणीच्या कानावर घातलं. बहीण भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. "दोघींनाबी आना म्हनावं," ती म्हणाली, "एक भांडी घासंल, एक पानी भरंल." तो माणूस बरेच दिवस आमच्या दारावरून जाताना खाली बघून जायचा.

घोरावाडीच्या गोष्टीत कातळवीर आपण कोण हे विसरतो आणि बाजारात भाजी विकायला बसतो. गिऱ्हाइकाने घासाघीस केली की त्याची मूठ दगडाची होते, आणि का होते ते त्याला कळत नाही. ती गोष्ट वाचल्यापासून दाजींनी भाजीवाल्याशी कधी घासाघीस केली नाही. कामशेतच्या गोष्टीत एक खोटा कातळवीर येतो, सिमेंटचा. हिचे दोनच अंक होते, पण तेवढ्यावर दाजी बंगल्याच्या गवंड्याशी तासभर बोलायचे, आणि तो बिचारा आपलं काय चुकलं ह्या विचारात पडायचा.

मला ह्या सगळ्याचं नवल वाटायचं. माझी शाळा चौथीला सुटली. पुढे वाचण्यासारखं हातात आलं ते तेल-मिठाच्या पुड्यांचे कागद. दुपारी भांडी झाली की दाजी एक अंक माझ्यापुढे सरकवायचे आणि लांब जाऊन बसायचे, मला अडखळताना लाज वाटू नये म्हणून. त्या अंकांच्या शेवटच्या पानावर, खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात 'क्रमशः' असं छापलेलं असायचं. हे कोण, म्हणून मी एकदा विचारलं.

"ह्ये लिवनारं," दाजी अदबीने म्हणाले. "क्रमशः सायेब. केवढा मोठा मानूस, पन नाव बघ कसं कोपऱ्यात, बारकं."

"आणि पुढं दोन टिंबं?"

"ती डिग्री आसंल."

त्या दिवसापासून मीसुद्धा ते नाव अदबीनेच वाचू लागले. क्रमशः साहेबांचं गाव कुठलं, जेवायला त्यांना काय आवडत असेल, ह्यावर आमचं बरंच बोलणं व्हायचं. म्हणजे दाजी बोलायचे. मला माणसांपुढे बोलायला जमत नाही.

पण दाजींचा जीव होता तो मळवलीच्या गोष्टीत. डोंगराची दरड गावावर येते आणि कातळवीर ती पाठीवर घेऊन उभा राहतो. राग असेपर्यंतच तो दगड, पण एवढा वेळ राग टिकवायचा कसा? म्हणून तो आपल्यावर झालेले सगळे अन्याय एकेक करून आठवत राहतो. तीन अंक हेच चालतं. चौथ्या अंकाच्या शेवटी गावातली एक मुलगी त्याला पाणी पाजते, आणि त्याचा राग विरघळू लागतो. पाचवा अंक दाजींना कधी सापडला नाही.

हा पाचवा अंक त्यांना एवढा का हवा, ते मला फार उशिरा कळलं. गँगमध्ये त्यांचा एक जोडीदार होता. दोघे एकाच हातगाडीला खांदा लावणारे, एकाच डब्यातलं जेवणारे. मळवलीची गोष्ट दोघांनी मिळून वाचली आणि तिथून भांडण लागलं. जोडीदार म्हणायचा, कातळवीर दरडीखालून निघतो. दाजी म्हणायचे, मरतो. रोज रुळांवर हेच. मग जोडीदाराला कावीळ झाली. दाजी दवाखान्यात भेटायला गेले, तेव्हाही तो उशीवरून म्हणाला, "निघतो, बघ तू." आणि दाजी आपल्या सवयीने म्हणून गेले, "मरतोय." चार दिवसांनी जोडीदारच गेला.

"मला हरायचंय गं," दाजी मला म्हणाले होते. "त्यो अंक घावला आन त्यात त्यो निघाला, की मी त्येच्या घरी जाऊन सांगनार, तुमचा मानूस जिकला."

गेल्या महिन्यात दाजींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी लावून ते ओसरीवर बसले होते. बंगल्यावर पुण्याच्या एक बाई उतरल्या होत्या. मी चहा घेऊन गेले, तेव्हा दाजी त्यांना दरड सांगत होते. बाई एकदम म्हणाल्या, "काका, कातळवीर? माझ्या भावाकडे सगळे अंक आहेत!" त्यांनी तिथूनच भावाला फोन लावला. चहा संपायच्या आत पाचव्या अंकाच्या पानांचे फोटो त्यांच्या फोनवर आले.

"हिला वाचू द्या," दाजी म्हणाले. "हिचा आवाज मला सवयीचा हाय."

मी वाचलं. जोडाक्षराला थांबत थांबत वाचलं. गाव रिकामं होत जातं. शेवटची म्हातारी आपली कोंबडी काखेत धरून ओढ्यापलीकडे जाते. कातळवीर तिच्याकडे बघून हसतो, आणि हसल्याबरोबर माणूस होतो. दरड खाली येते. शेवटच्या पानावर नुसती धूळ. मी खाली कोपऱ्यात बघितलं आणि वाचलं, "क्रमशः."

"सायबांचं नाव ऱ्हाऊ दे. पुढं?"

बाईंना आधी कळेना. कळल्यावर त्या हसल्या नाहीत, हे मी विसरणार नाही. "काका, ते नाव नाही," त्या हळूच म्हणाल्या. "क्रमशः म्हणजे गोष्ट संपलेली नाही, पुढच्या अंकात चालू. पण पुढचा अंक निघालाच नाही. मासिक बंद पडलं."

दाजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इतक्या वर्षांचे साहेब एका वाक्यात गेले. मी रिकामे कप उगाच पुन्हा ट्रेमध्ये मांडत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "म्हंजे त्यो मेला आसं लिवल्यालं न्हाई?"

"नाही."

"आन निघाला आसं?"

"तेही नाही."

"लिवनाऱ्यालाबी ठावं न्हाई?"

"आता कसं सांगणार, काका?"

दाजींनी पट्टीखालचा गाल पुसला. डोळ्याचं पाणी असेल, डॉक्टरांनी येईल म्हणून सांगितलंच होतं. मग भिंतीला पाठ टेकून म्हणाले, "म्हंजे आमचं भांडान अजून मिटल्यालं न्हाई." आणि माझ्याकडे मान वळवून, "पन त्येच्या बाजूनं बोलाय कोन तरी पायजे. मी एकटा दोन्हीकडनं कसा भांडू? तू बोल."

बाई बघत होत्या. माझ्या हातात ट्रे होता. चुलीवर, म्हणजे गॅसवर, डाळ उतू जायला आली असणार. मी म्हणाले, "निघतो."

"कसा निघंल? दरड केवढी, बघितलीस का?"

"आधी हात दिसतो," मी म्हणाले.

"कुटनं?"

"ओढ्याकडनं. तिथली माती मऊ असते."

 एका डोळ्याने दाजी समोरच्या डोंगराकडे बघत राहिले, बराच वेळ, जणू तिथली माती खरंच मऊ आहे का ते इथूनच कळणार होतं.