सुरतेतला फुगा

धुळ्याहून निघताना आईने बजावलं होतं, अक्काचं घर नीट बघून ये. अक्का लग्नानंतर सुरतेला गेली, दाजी बमरोलीच्या मिलमध्ये लागले आणि माझं जाणं राहूनच गेलं होतं. थंडीत एकदाची सवड मिळाली.

उधना स्टेशनवर दाजी न्यायला आले. अंग उतरलेलं, डोळे पिवळसर. जुनी कावीळ आहे, म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी हौसेने तापीकाठी नेलं. तिथे लिंबू-शेव घालून पोंक (ज्वारीचा कोवळा हुरडा) खाल्ला. नदी संथ होती, ऊन कोवळं. घरी परतलो आणि दाजींना उलटी झाली. नुसतं रक्त.

रिक्षाने जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर गुजराती, शांत स्वभावाचे. त्यांनी समजावलं की यकृत खराब झाल्याने अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या आहेत, त्यातली एक फुटली आहे. दुर्बीण आत घालून ती बंद करता येते, पण ती सोय इथे नव्हती आणि या अवस्थेत दाजींना हलवणं धोक्याचं होतं.

मग त्यांनी नाकातून रबरी नळी पोटात उतरवली. तिच्या टोकाच्या फुग्यात हवा भरली आणि नळी ताणून बांधली, म्हणजे फुगा आतून शिरांवर दाबून बसेल. सलाईनमधून औषध सुरू केलं. माझा रक्तगट जुळला, बाटलीभर रक्त मी दिलं. उशाशी कात्री ठेवली होती. फुगा वर सरकून श्वास अडला तर नळी कापायची, असं नर्सने सांगितलं. डॉक्टर जाताना अक्काला म्हणाले, "बेन, नळी खेंचवा नहीं देता." (ताई, नळी ओढू देऊ नका.)

अक्का दाजींचा हात धरून बसली. मी जेवणाचं विचारलं तर म्हणाली, "तू जेवी ले. मी आठेच शे." (तू जेवून घे. मी इथेच आहे.)

दुसऱ्या दिवशी फुगा सोडायची वेळ आली. जास्त वेळ ठेवला तर आतली कातडी सडते. डॉक्टरांनी हवा हळूहळू काढली. आम्ही नळीकडे बघत राहिलो. फिकट पाणी आलं, रक्त नाही. संध्याकाळी नळीही निघाली. दाजींचा घसा बसला होता. अक्काकडे बघून त्यांनी विचारलं, "तू जेवनी का?" (तू जेवलीस का?)

तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, रक्त थांबलंय, आजार थांबलेला नाही. दोन दिवसांनी मोठ्या इस्पितळात दुर्बिणीचे उपचार सुरू झाले, तेव्हा मी गाडीत बसलो. नवापूरपर्यंत खिडकीबाहेर बघत होतो, पण दिसलं काहीच नाही.

घरी सगळ्यांनी विचारलं, सुरतेत काय काय पाहिलंस? किल्ला, बाजार, समुद्र, काहीच पाहिलं नव्हतं. आईला एवढंच म्हणालो, अक्काचा संसार पाहून आलो. चांगला आहे.