डायनोसॉरला घातलेली माळ

तापीकाठच्या एका गावात मिक्सर दुरुस्त करायला नेला, तर कारागिराच्या टेबलामागच्या फळीवर प्लास्टिकच्या डायनोसॉरांचा दरबार भरलेला. लांब मानेचे, शिंगांचे, पाठीवर पाती उभारलेले. सगळे पाला खाणारे. अक्राळविक्राळ दातांचा त्यांचा राजा मात्र उंबऱ्याबाहेर, चपलांशेजारी. कारण दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं आणि घर कट्टर शाकाहारी.

"मटण खाणारं जनावर मन्हा घरमा नको," कारागिराची बायको आतूनच म्हणाली.

"दादा, त्यानाशिवाय दरबार सुना शे," कारागीर माझ्याकडे बघून कळवळला. मग त्याने पेचकस ठेवला, खणातून तुळशीची जुनी माळ काढली आणि दोन वेढे देऊन त्या राक्षसाच्या गळ्यात घातली.

"आते त्यानी समदं सोडी दिन्हं," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

बाई बाहेर आल्या. आता सांगा, माळकऱ्याला उंबऱ्याबाहेर कोण ठेवणार? त्यांनी त्याला उचललं, पदराने पुसलं आणि फळीवर बसवलं. पण तोंड भिंतीकडे करून.

"नवा माळकरी शे, भाऊ," त्या मला समजावत म्हणाल्या. "थोडा दिन बाकीनास्कडे नजर जावाले नको."