विलायती फुलांचा सेहरा

माझ्या निकाहात नवरीनं कबुली दिली आणि मी शिंक दिली.

दोष माझ्या शहाणपणाचा. रेशनवर तेव्हा अमेरिकेचा गहू यायचा. उमरग्याच्या घरामागं अम्मी तो पाखडायची, आणि तिथंच एक रोप उगवलं. पानं गाजरासारखी, फुलं बारीक, पांढरीशुभ्र. गहू विलायती, तर फूलही विलायतीच, असं मी ठरवून टाकलं आणि रोज पाणी घालू लागलो. (रोज सर्दीही व्हायची. ती मी हवेच्या खात्यावर टाकत होतो.) बघता बघता परसभर तेच झालं.

लग्नादिवशी मोगऱ्याचा सेहरा घेऊन येणारी सोलापूरची एसटी नळदुर्गाजवळ बंद पडली. मामूंनी कपाळाला हात लावला.

"मामू, घरची फुलं हायत की," मी म्हणालो. "मोगरा काय, कुनीबी बांधतंय."

मामूंनी माळा ओवल्या. सास्तूरच्या मांडवात मी कपाळापासून गुडघ्यापर्यंत अमेरिका लेवून बसलो. तिकडं नवरीनं कबुली दिली. काझीसाहेब माझ्याकडं वळले.

"कुबूल हय?"

"कु... आक्छी!"

पुन्हा विचारलं, पुन्हा तेच.

"मियाँ, शिंकेवर निकाह होत न्हाय," काझीसाहेब शांतपणे म्हणाले.

माझे डोळे सुजून मिटले होते. नवरीचे चाचा उठले. "पोरगा दमेकरी हाय. फसवलं आपल्याला. थांबवा निकाह."

सासरेही उठले. उरुसात लांबून पाहिल्यापासून त्या मुलीवर माझा जीव जडला होता, आणि आता ती माझ्या नाकापायी हातातून चालली होती.

"पोरगं ठणठणीत हाय," मामू हात जोडून म्हणाले. "ह्या फुलांचा गुन्हा हाय, चाचा."

"फुलानं कुनी शिंकतं व्हय?" चाचांनी सेहऱ्यात नाक खुपसून जोरात वास घेतला. मग चाचा शिंकले, काझीसाहेब शिंकले, दोन्ही गवाह शिंकले. सेहरा सासऱ्यांच्या उकिरड्यावर गेला आणि मी ओरडून तीनदा कुबूल केलं.

उन्हाळ्यात उकिरड्याचं खत शेतात पडलं. पावसानंतर सासऱ्यांची ज्वारी दिसेना, माझी फुलं तेवढी दिसत होती.

"दुल्हेमियाँ," सासऱ्यांनी मला बोलावून घेतलं, "हे गाजरगवत फुलावर यायच्या आत मुळासकट उपटायचं. या, बसा."

लोकांच्या सासुरवाडीला जावई येणार म्हटलं की कोंबडी कापतात. माझ्या सासुरवाडीला अजून खुरप्याला धार लावतात.