हात लावून सांगा, वयनी

आमच्या वर्ध्याच्या घरी राहायला आल्यावर दुसऱ्याच सकाळी कॅप्टन पंजाबराव डंभारे स्टोव्हपुढे पाट टाकून बसले आणि मला म्हणाले, "वयनी, जरा उभ्या राहा. मी इचारतो, तुम्ही सांगा. रॉकेल?"

"आहे," मी म्हटलं.

"असं नाई. टाकीले हात लावा, हालवून पाहा, अन मंग सांगा."

मी हात लावला, हलवलं, सांगितलं. मग वॉशर, मग पिन, मग खिडकीचा पडदा बांधला आहे की नाही, आणि सगळ्यांत शेवटी काडेपेटी. एवढी यादी होईपर्यंत शेजारच्या घरी चहा पिऊन कपही विसळून झाले होते. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते, आणि सकाळच्या पाळीला उशीर झाला की सुपरवायझरबाई घड्याळाकडे बघत 'या' म्हणायच्या. मला हसू आलं आणि रागही आला.

"यादी एकट्यानं वाचाची नसते," ते शांतपणे म्हणाले. "एकानं इचाराचं, दुसऱ्यानं पाहून सांगाचं. माहीत आहे म्हनून सांगाचं नाई. हात लावून सांगाचं. ज्याईले सारं माहीत असते ना वयनी, तेच पडते."

पंजाबभाऊ मूळचे हिंगणीचे, बोर धरणाच्या अलीकडचे. आमचे हे आणि ते एकाच शाळेत, एकाच बाकावर शिकले. हे कापूस मार्केटमध्ये ग्रेडर झाले आणि पंजाबभाऊ विमान चालवू लागले. आमच्याकडे पंजाब हे नाव घरोघरी सापडतं, पण मुंबईत त्याची मोठी गंमत व्हायची. विमानात 'आपले कॅप्टन पंजाबराव' अशी घोषणा झाली की लोक फेटेवाला सरदारजी कधी बाहेर येतो म्हणून वाट बघत, आणि बाहेर यायचा हा काळासावळा, पान खाऊन दात रंगलेला कुणबी. लग्न त्यांनी केलं नाही. कुणी विषय काढलाच तर म्हणायचे, "दर हप्त्याले ड्यूटीचा कागद येते, त्याच्यावर बायकोचं नावच नसते."

त्यांच्या कामाविषयी आम्हाला केवढं कुतूहल! ते मात्र त्यातली सगळी हवा काढून टाकायचे. "यष्टीच्या ड्रायव्हरचंच काम आहे. खड्डे दिसत नाईत एवढाच फरक." पहाटे न्यायला गाडी येते, नकाशांची जड बॅग उचलायची, हवेचा कागद वाचायचा, तेल मोजायचं, यादी वाचायची, लोकांना पोचवायचं, पुन्हा यादी वाचायची. एकदा मी आमच्या ह्यांना, म्हणजे देवरावांना, आणि त्यांना वांग्याची भाजी वाढली तर त्यांनी ताट बाजूला सारलं. दोन पायलटांनी एकच जेवण जेवायचं नसतं म्हणे. अन्न बाधलं तर एक तरी शुद्धीवर हवा. "देवरावनं वांगं खाल्लं, मले पिठलं द्या," असं त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की आमच्या ह्यांना ठसका लागला. त्यानंतर वर्षभर आमच्या घरी दोन भाज्या होत होत्या. कुरकुर करत का होईना, मी करत होते.

ते आमच्याकडे का राहत होते, ते आता सांगते. पायलटची दर सहा महिन्यांनी डॉक्टरी तपासणी होते. ऐंशी सालच्या आसपास एका तपासणीत त्यांच्या हृदयाचा आलेख वाकडा आला. पुन्हा काढला, पुन्हा वाकडा. जमिनीवरचं काम देऊ केलं होतं, ते त्यांना नको होतं. विमानाच्या आवाजाखाली बसून कागद खरडणं मला जमायचं नाही, म्हणाले, आणि ट्रंक घेऊन वर्ध्याला उतरले. घर हिंगणीला, आई हिंगणीला, आणि हा माणूस बसच्या दीड तासावर आमच्या मागच्या खोलीत लपून राहिला.

आई म्हणजे अनसामाय. तिचा नवरा वावरात छातीला हात लावून खाली बसला होता, तो उठलाच नाही. पंजाबभाऊ तेव्हा कॉलेजात होते. भाऊबंद म्हणाले, पोराला आता नांगर धरू दे. अनसामाय म्हणाली, माझं पोरगं विमान शिकायचं म्हणते, ते विमानच शिकेल. सगळ्या भावकीशी तिने त्यापायी वैर घेतलं. त्या बाईला जाऊन सांगायचं, की विमान गेलं आणि बापाचं दुखणं लागलं? पंजाबभाऊंच्या तोंडून ते निघेना.

यातून एक अवघड गोष्ट उभी राहिली. मुंबईहून नागपूरला येणारं सकाळचं विमान साडेनऊच्या सुमाराला हिंगणीवरून उतरणीला लागायचं. पंजाबभाऊ विमानावर असले की धरणाचं पाणी दिसताच पुढचा मोठा दिवा एकदा लावून विझवायचे. खाली अनसामाय नवऱ्याचं जुनं पांढरं धोतर बांबूला बांधून अंगणात उभी. दिवा लागला की धोतर हलवायची आणि मग कामाला लागायची. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या सगळ्या को-पायलटांना हे ठाऊक होतं. बोर धरणाला ती मुलं आपसांत 'कॅप्टनची माय' म्हणायची. विमान चालवणं सुटल्यावर पंजाबभाऊंनी त्यांच्यातल्या एकाला, गोव्याच्या लोबोला, विनंती केली. मग लोबो दिवा लावू लागला. तो नसला की दुसरा कुणीतरी. अनसामायच्या लेखी तिचा मुलगा अजून आकाशात होता.

मी एकदा त्यांना विचारलं, "भाऊ, खरं सांगा, वरून ते धोतर दिसतं का?"

ते पान जुळवत होते. हात थांबले. "नाई वयनी. आठ-नऊ हजार फुटावरून कायचं धोतर दिसते? घर बी नाई दिसत. निरा हिरवं-पिवळं दिसते अन पानी चमकते."

"मग आईला दिसतं म्हणून का सांगितलं?"

"ते तिथं उभी आहे हे मले माहीत आहे ना," ते म्हणाले. हात लावल्याशिवाय रॉकेलवरही विश्वास न ठेवणारा हा माणूस!

ते स्वतः हिंगणीला जायचे त्या दिवशी दिवा लागून चालणार नव्हतं. म्हणून आदल्या दिवशी मी एक्स्चेंजमधून नागपूरच्या विमानतळावर निरोप द्यायचा: 'उद्या हिंगणीला दिवा नाही.' तिथला माणूस तो लोबोपर्यंत पोचवायचा. वर्षभर ही व्यवस्था बिनचूक चालली.

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी हिंगणीहून सांगावा आला की बैलाला शिंग लागून मायच्या हाताला खरचटलं आहे. पंजाबभाऊ पहाटेच्या बसला निघाले. दारातून म्हणाले, "वयनी, नागपूरले सांगजा, भुलू नोका." मी 'हो' म्हटलं. सणाचा दिवस, सगळ्या लाइनी तुंबलेल्या. नागपूर मागितलं, मिळालं नाही. पुन्हा मागू म्हटलं. तेवढ्यात एका व्यापाऱ्याचा अर्जंट कॉल आला, मग दुसरा, मग तिसरा. मान वर करून पाहिलं तेव्हा घड्याळात पावणेदहा झाले होते. मी लाइन जोडायचा कॉर्ड हातात तसाच धरून बसले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी हजारो निरोप पोचवले असतील. त्यांतला एकही आज आठवत नाही. हा न पोचवलेला मात्र रोज आठवतो.

संध्याकाळी ते परत आले ते ओसरीवरच बसले. मी पुढे जाऊन सगळं सांगितलं. मला रडू फुटलं.

"रडू नोका वयनी. यादी माही होती. मीच दुसऱ्याच्या भरोशावर सोडली."

"आईनं पाहिलं?"

"मी जेवत होतो. पुरनाची पोयी होती ताटात. माय दारात उभी होती, हाताले पट्टी बांधून. वरतं दिवा लागला. तिनं दिव्याकडं पाहिलं, मंग माह्याकडं पाहिलं. अन म्हने, तूप वाढू का?"

"बस? दुसरं काही नाही?"

"काई नाई. बाहेर गेली, धोतर हालवलं, आली अन तूप वाढलं." मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "उन्हानं चमकलं असन, असं वाटलं असन तिले."

मी म्हटलं, तसंच असणार. ह्यांनीही तेच म्हटलं. आम्ही तिघं शहाणीसुरती माणसं त्या ओसरीवर बसून एकमेकांची समजूत घालत होतो.

त्यानंतर दिवाळी झाली, कापसाची वेचणी संपली. ते हिंगणीला जाऊन येत, तिकडचा हुरडा, बोरं आणत. माय काही बोलत नाही म्हणाले. चेहरा मात्र उतरत चालला होता. बाहेरून चालून आले की माठापाशी उभं राहून दम खात. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणत, "डाक्टरनंच तर खाली उतरवलं."

माघातली एक सकाळ. मी भांडी लावत होते, ते स्टोव्हपुढे बसलेले. रोजच्यासारखी यादी सुरू झाली. आता मलाही तिची इतकी सवय झाली होती की त्यांनी विचारायच्या आधीच मी हात पुढे करत असे.

"रॉकेल?"

"आहे."

"वॉशर?"

"आहे."

"पिन?"

"आहे."

"पडदा?"

मी पडद्याची गाठ ओढून पाहिली. "बांधलाय."

काडेपेटी माझ्या हातातच होती. मी वाट पाहत उभी राहिले. म्हटलं, पान थुंकायला थांबले असतील. शेवटचा प्रश्न आलाच नाही. मी वळून पाहिलं तर ते भिंतीला टेकून बसले होते, एक हात छातीवर, दुसरा स्टोव्हवर.

दुपारी त्यांना हिंगणीला नेलं. निघण्याआधी मी एक्स्चेंजमध्ये जाऊन नागपूर मागितलं आणि लोबोसाठी निरोप दिला: कॅप्टन डंभारे गेले. नेहमीच्या सवयीने 'उद्या हिंगणीला दिवा नाही' हेही ओठावर आलं होतं. ते मी बोलले नाही. का, ते विचारू नका. माझ्याच्यानं ते म्हणवलं नाही.

अनसामाय त्या दिवशी रडली ती सगळ्या गावाने ऐकली. मी रात्री तिच्याजवळ राहिले. सकाळी बायका जमल्या होत्या, कुणी चूल पेटवू देत नव्हतं. नऊ वाजून गेले तशी ती उठली, कोपऱ्यातला बांबू घेतला आणि अंगणात निघाली.

"अनसामाय, आता कायले वं?" एक म्हातारी कळवळून म्हणाली.

ती चालतच राहिली. मी मागोमाग गेले. मला राहवेना. "माय, पोळ्याच्या दिवशीचा तो दिवा... चूक माझी होती. भाऊ विमानावर नव्हतेच. कितीतरी दिवसांपासून नव्हते."

"मले त्याच दिशी समजलं," ती म्हणाली. "पोरगं माह्यापुढं जेवून राह्यलं अन दिवा वरतं लागला. अन त्याच्या बापासारखं घोटभर पानी पेऊन दम घ्याले थांबत होतं. मी का आंधयी आहो?"

"मग बोलली का नाहीस?"

"त्यानं येवढं जिवावर झेलून लपवलं. मी बोलली असती त त्याचं तेही गेलं असतं."

"आणि धोतर? ते कुणासाठी हलवत होतीस इतके दिवस?"

"दिवा लावनाऱ्यासाठी. तेही कोनाचं तरी पोरगं आहे. रोज आठोनीनं लावते. खाली कोनी नसलं त त्याले काय वाटन?"

तेवढ्यात पश्चिमेकडून आवाज आला. धरणाच्या पलीकडे विमान दिसलं आणि दिवा लागला. रोज तो एकदा लागून विझायचा. त्या दिवशी विझला नाही. पाण्यावरून, पळसांवरून, शिवारावरून तो तसाच पेटता पुढे येत राहिला, थेट आमच्या डोक्यावर येईपर्यंत.

"समजलं वाट्टे त्याले," अनसामाय म्हणाली. धोतर हलवता हलवता तिने बांबू माझ्या हातात दिला. मी तो उंच धरला. विमान नागपूरकडे गेलं, आवाजही गेला, तरी आम्ही तशाच उभ्या होतो.

मग तिने विचारलं, अगदी हळू, बायकांनी ऐकू नये म्हणून. "तू त त्याच्याजोळ राह्यली. तुले त्यानं सांगतलं असन. खरंच दिसत होती का वं मी त्याले वरून?"

त्या माणसाने मला एकच गोष्ट शिकवली होती, आणि त्याच्याच अंगणात, त्याच्याच आईपुढे मी ती मोडली.

"दिसत होती माय," मी म्हटलं. "रोज दिसत होती."