चौथ्याची पाळी

क्लीओफस टार्व्हर सिनेमा बघताना हमसून हमसून रडला, ही बातमी आमच्या गल्लीत त्याच्या आधी घरी पोचली. न्हाव्याच्या दुकानात तर त्यानं पडद्यापुढे गुडघे टेकले, इथवर मजल गेली होती. खरी गोष्ट एवढीच, की त्याच आठवड्यात त्याचा मोतीबिंदू काढला होता, आणि सिनेमा दाखवला त्या चर्चच्या तळघरातल्या अंधारात त्याच्या बायकोनं, अर्नस्टीननं, औषधाचे थेंब डोळ्यांत कमी आणि गालांवर जास्त ओतले.

सिनेमा त्याच्याच, इथल्या आर्कान्सातल्या कॉलेजच्या सदुसष्ट सालच्या बास्केटबॉल संघावरचा. गोरे-काळे खांद्याला खांदा लावून खेळतात, शिव्या खातात आणि करंडक जिंकतात. करंडक जिंकला, हे खरं. पण संघातल्या चार काळ्या पोरांसाठी गोऱ्या कोचचा एक हिशेब होता, तो सिनेमावाले सोयीनं विसरले. घरच्या मैदानावर एका वेळी दोन, परगावी तीन, आणि हरायला लागलो तरच चार. देणग्या देणाऱ्या प्रेक्षकांच्या डोळ्यांना याहून जास्त काळं सोसत नसे.

क्लीओफस चौथा. म्हणजे आपला संघ गाळात रुतल्याशिवाय याला कुणी विचारायचं नाही. हंगाम बाकावर गेला. अंतिम सामन्याआधी कोचनं सांगून टाकलं, "मैदानात न उतरलेल्याला पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती कुठून देऊ, टार्व्हर?"

सामना परगावी होता. संघ मागे पडला. कोचनं बोट केलं, क्लीओफसनं जॅकेट काढलं. तेवढ्यात व्हर्डेल पाइकनं, चौघांतल्याच एकानं, त्याच्याच खोलीत राहणाऱ्या, त्याचेच मोजे बिनदिक्कत वापरणाऱ्या दोस्तानं, लागोपाठ बास्केट टाकायला सुरुवात केली. संघ पुढे गेला.

"बस खाली," कोच म्हणाला.

शिष्यवृत्ती गेली, कॉलेज सुटलं, त्याबरोबर कॉलेजच्या पोरांना असलेली सैन्यभरतीची सूटही गेली, आणि पाठोपाठ लष्कराचं बोलावणं आलं. व्हिएतनाममध्ये डाव्या पायाची बोटं ठेवून तो परतला, आणि उरलेली उमेद कोंबड्यांच्या कारखान्यात, ओल्या गार फरशीवर उभ्या उभ्या संपली. लग्नात अंगठी सांभाळायला व्हर्डेलच होता. पण त्या सामन्याबद्दल दोघं जन्मात अक्षर बोलले नाहीत.

सिनेमातला क्लीओफस मात्र बाकावर चढून टॉवेल फिरवतो. दिवे लागले तेव्हा शेजारी चाकाच्या खुर्चीत व्हर्डेल डोळे पुसत होता. तो खराच रडला होता.

"पाहिलंस जाड्या? माझ्यासाठी कसा नाचत होतास."



सिनेमा कंपनीची मुलगी कॅमेरा घेऊन पुढ्यात आली. "मिस्टर टार्व्हर, त्या शेवटच्या मिनिटांत तुमच्या मनात काय चाललं होतं?"

अर्नस्टीननं कोपर मारलं. "गोड बोल. पुढे पास्टर बसलेत. आणि व्हर्डेलच्या काळजात आता दम राहिलेला नाही, ठाऊक आहे ना?"

क्लीओफसनं व्हर्डेलकडे बघितलं.

"प्रार्थना करत होतो," तो म्हणाला.

पास्टर खूष होऊन मागे वळले. "आमेन, ब्रदर. विजयासाठी."

"नाही, पास्टर. व्हर्डेलचा नेम चुकू दे म्हणून."