परत येणारा घोडेस्वार

पेणहून रोह्याला जाणाऱ्या दुपारच्या गाडीत मी मोबाईलवर दोन अमेरिकन सिनेमांचे शेवट पुन्हा पाहत होतो. दोन्ही घोडेस्वारांचे, एक जुना, कृष्णधवल, दुसरा अलीकडचा. दुसऱ्या दिवशी कॉलेजात त्यांच्यावर बोलायचं होतं. शेजारच्या साठीच्या बाई हमरापूरला गणपती रंगवायच्या. नखांत गुलाबी रंग अडकलेला. त्या बिनसंकोच डोकावत होत्या, म्हणून मी मोबाईल दोघांच्या मध्ये धरला.

जुन्या सिनेमात नायक गुंडांपासून गाव वाचवतो आणि एकटाच निघून जातो. नव्यात म्हातारा घोडेस्वार कित्येक वर्षांनी मुलीच्या दारात येऊन उभा राहतो.

"पयला शूर हाय," बाई म्हणाल्या, "पण जायला काय लागतं? परत यायला छाती लागते."

माझ्या वहीत यावर चार पानं टिपणं होती. इतकं नेमकं त्यांत काहीच नव्हतं.

मग त्या आपणहून सांगू लागल्या. लेकीनं मनाविरुद्ध लग्न केलं, म्हणून तीन वर्षं त्या तिच्याशी बोलल्या नव्हत्या.

"काल फोन केला, उद्या दुपारच्या गाडीनं येते बोलले. 'ये' बोलली नाय, 'नको' पण बोलली नाय. म्हणून निघाले."

बोलताना त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

रोह्याला त्या माझ्यामागून सावकाश उतरल्या. फलाटावर एक तरुणी कडेवर मूल घेऊन उभी होती. तिला पाहून बाई जागीच थबकल्या. तीच पुढे आली आणि मूल त्यांच्या हातात देत म्हणाली, "किती उशीर केलास गो आये!"